एकत्र धुतलेले कपडे

गल्लीत त्यांना कडक काकू म्हणायचे. हे नाव खळ घातलेल्या कॉलरींवरून पडलं की स्वभावावरून, याबद्दल दोन मतं होती, आणि दोन्ही मतांचे लोक समोर आल्यावर नुसतं 'काकू' म्हणत. बुटक्या, काटक, बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांची टोकं पाण्यानं सुरकुतलेली. साठीला दोन वर्षं कमी. छत्तीस वर्षं त्यांनी लाँड्री चालवली आणि छत्तीस वर्षांत कुणाचा मोजा हरवला नाही. ज्यांच्या घरात नुसती दोन माणसं राहतात त्यांना विचारा, मोजा न हरवणं ही काय चीज आहे ते.

दुकान फार मोठं नव्हतं. फुटपाथला लागून लाकडी काउंटर, काउंटरमागे पडदा, पडद्यामागे दोन यंत्रं, एक सिमेंटचा हौद आणि इस्त्रीचं टेबल. गिऱ्हाईक फुटपाथवरच उभं राही. वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं दिलेल्या होत्या आणि काकू स्वतः दुकानामागच्या खोलीत राहत. काउंटरवर पाटी होती, 'प्रत्येक घराचे कपडे वेगळ्या पाण्यात धुतले जातील.' दुसरे लाँड्रीवाले या पाटीला हसत. यंत्रात दहा घरांचं एकदम कोंबायचं आणि चिठ्ठ्या बघून वेगळं करायचं, ही जगाची रीत. काकू म्हणत, जगाची रीत जगाला लखलाभ. एका घराचा घाम दुसऱ्या घराच्या अंगाला लावायचा मला काय अधिकार?

काकू लोकांचे कपडे धूत, लोकांची धुणी धूत नसत. कपडे धुणाऱ्या बाईला गल्लीचं सगळं कळतं. कोणाची नोकरी गेली हे रोजचे इस्त्रीचे शर्ट यायचे बंद झाले की कळतं, कोणाकडे पाळणा हलणार हे शिवण उसवलेल्या कमरेवरून. खिशात सापडलेली प्रत्येक वस्तू त्या पाकिटात घालून परत करत. एकदा एका सद्गृहस्थाच्या पँटीत त्याच्या बायकोनं न लिहिलेलं प्रेमपत्र निघालं. काकूंनी ते वाळवलं, इस्त्री केलं आणि त्याच खिशात परत ठेवलं. पुढचं त्याचं तो आणि त्याची बायको. इतकं तोंड मिटून ठेवणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

एकाच बाबतीत त्यांना गप्प बसवत नसे. भावाभावांचं भांडण दिसलं की काकू मध्ये पडत. त्याला कारण होतं. दुकान मुळात काकूंच्या नवऱ्याचं आणि दिराचं. दोघांत एका इस्त्रीवरून बिनसलं. हो, एका इस्त्रीवरून, ती कुणी टेबलावर तापलेली ठेवली यावरून. दीर घर सोडून गेले. आज बोलतील, उद्या बोलतील म्हणता म्हणता सात वर्षं गेली आणि काकूंचे यजमानच गेले. दीर आले ते शेवटच्या दर्शनाला, आणि नुसते उभे राहिले. काकूंना वाटे, तेव्हा आपण दोघांचे कान धरून त्यांना एका खोलीत कोंडायला हवं होतं. ही सल त्यांनी कधी लपवली नाही.

तर वरच्या खोल्यांत दोघे भाऊ राहायला आले. थोरला तिशीचा, नळाची कामं करायचा. धाकटा एकवीस-बावीसचा, चौकातल्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायला. सभ्य पोरं, वर पावलांचा आवाज नाही की गाण्याचा. पण विचित्र. दोन खोल्यांत दोघे वेगळे झोपत. जेवताना एक खिडकीशी बसे, दुसरा दाराशी. जिन्यात समोरासमोर आले तर एक भिंतीला टेकून दुसऱ्याला वाट देई. आणि कपडे! थोरल्याचे सोमवारी येत, धाकट्याचे गुरुवारी. काकूंनी विचारलं तर थोरला म्हणाला, धाकट्याला कातडीचा त्रास आहे, त्याचे कपडे माझ्या कपड्यांना लागलेले चालत नाहीत. काकूंनी धाकट्याची कातडी बघितली होती, ती माझ्या-तुमच्यापेक्षा चांगली होती.

अकरा महिने काकूंनी कळ काढली. मग त्यांच्या मनानं घेतलं की हे भांडण आहे, आणि आपण याही वेळी हातावर हात ठेवून बसलो तर आपल्यासारखे करंटे आपणच. एका गुरुवारी धाकट्याचं गाठोडं आलं तेव्हा थोरल्याचे दोन शर्ट धुवायचे राहिले होते. काकूंनी दोघांचे कपडे एका हौदात भिजवले. त्यांच्या नियमाला यात काही बाध येत नव्हता, एक घर, एक पाणी. दोघांचे शर्ट त्यांनी एकात एक घालून घडी केले, बाहीत बाही, आणि शनिवारी सकाळी स्वतः वर नेऊन दिले. आता तरी हसा, असं म्हणून त्या खाली आल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

दहा मिनिटांत थोरला खाली आला. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. त्यानं इतकंच विचारलं, की हे एकाच पाण्यात धुतले का. काकू म्हणाल्या, धुतले, आणि यापुढेही धुणार. थोरला मटकन इस्त्रीच्या टेबलाशेजारच्या स्टुलावर बसला आणि त्यानं पहिल्यांदा खरं काय ते सांगितलं.

त्यांच्या घराण्यात सख्ख्या भावांच्या मागे काहीतरी लागलेलं असतं. त्यांना हे दोघे हुंगे म्हणत, कारण ते हुंगत येतात. दिसायला माणसासारखे, पण डोळ्यांनी जवळजवळ आंधळे. एकट्या भावाचा वास त्यांना इतर कुणासारखाच लागतो, त्यावरून ते काही ओळखत नाहीत. पण दोन भावांचा वास एकमेकांत मिसळला की तो त्यांना कोसावरून येतो, आणि मग ते दोघांनाही ओळखतात. घरात ते शिरत नाहीत, भिंतींचं त्यांना वावडं आहे. उघड्या रस्त्यावर उचलतात, भर दिवसा. बापाला आणि काकाला उचललं तेव्हा बाजारात चपलांचे फक्त दोन जोड उरले होते. साबणानं वास जात नाही. आपल्याला जे धुतलेलं वाटतं ते हुंग्यांना पाण्यातून पसरलेलं वाटतं. आईनं मरताना थोरल्याला बजावलं होतं, की धाकट्याला सांभाळ, पण जवळ घेऊ नकोस. तेव्हा धाकटा सहा वर्षांचा होता. त्यानंतर थोरल्यानं त्याला नुसतं हातभर अंतरावरून वाढवलं होतं. ताप आला की पट्ट्या ठेवायला शेजारीण बोलवायची, पडला की "ऊठ" म्हणायचं, उचलायचं नाही. अकरा गावं झाली होती. इथं ते सगळ्यात जास्त टिकले होते.

काकूंनी हे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, की बाबा, तू दोन दिवस नीट झोपलेला नाहीस. विश्वास बसण्यासारखं नव्हतंच ते. थोरला वाद घालायला थांबला नाही. संध्याकाळच्या बसनं तो जाणार होता, सकाळच्या बसनं धाकटा, दुसऱ्या दिशेला, आणि मग महिन्यानं कुठं तरी गाठ.

दुपारी दोनच्या सुमाराला काउंटरवर एक गिऱ्हाईक आलं. उंच, राखाडी कोट, चेहऱ्यावर काहीच नाही, म्हणजे नाक-डोळे होते, पण त्यांच्यामागे कुणी राहत नसावं असं. त्यानं कोट काढून काउंटरवर ठेवला आणि तो तिथंच उभा राहून पडद्याकडे तोंड करून श्वास घेत राहिला. काकूंनी सवयीनं कोट उलटा केला. कफ झिजलेले, अस्तर ठिकठिकाणी विरलेलं, कोपरं चकाकलेली. वीस वर्षं तरी वापरलेला कोट. आणि कॉलर कोरी. घामाची रेघ नाही, तेलाचा डाग नाही, मानेला घासून उठतो तो पिवळटपणा नाही. छत्तीस वर्षांत काकूंनी न मळलेली कॉलर पाहिली नव्हती. राजा असो की रंक, मान सगळ्यांची घामेजते. ज्याला मानेला घाम नाही तो माणूस नाही, हे काकूंना कुणी पुस्तकातून समजावून द्यायची गरज नव्हती.

पण धंद्याची सवय मोठी वाईट. तोंडातून आपोआप निघालं, "पुढच्या सोमवारी मिळेल." आणि त्यांनी टोकन फाडून दिलं. त्यानं ते घेतलं, समोरच्या बसस्टॉपच्या बाकावर जाऊन बसला आणि तिथून हललाच नाही.

संध्याकाळपर्यंत बाकावर तिघे होते. बस यायच्या, जायच्या, ते चढत नव्हते. खात नव्हते, बोलत नव्हते, पापणी हलत नव्हती. गल्लीतली कुत्री त्या बाजूनं जायची बंद झाली. थोरल्यानं पडद्याच्या फटीतून पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. दोघांचा वास त्यांना लागला होता, आता एकएकट्यानं निघूनही उपयोग नव्हता. हे सांगून झाल्यावर तो काकूंना म्हणाला की यात तुमची चूक नाही, आम्ही खोटं बोललो होतो. हे ऐकून काकूंना जास्तच लागलं. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

रविवारभर काकू काउंटर बंद ठेवून हौदाच्या कडेला बसून राहिल्या. चूक माझी, निस्तरणार मीच, एवढं पक्कं होतं. कसं, ते कळत नव्हतं. पोलिसांकडे जावं तर काय सांगणार, की तिघे बाकावर बसलेत आणि त्यांच्या कॉलरी स्वच्छ आहेत? शेवटी त्यांना वाट दाखवली ती धंद्यानंच. पांढऱ्या कापडावर असा डाग पडला की जो लिंबानं, सोड्यानं, उन्हानं, कशानंच निघत नाही, तर शहाणा धोबी घासत बसत नाही. तो अख्खं कापड त्याच रंगात बुडवतो. डाग तिथंच असतो, पण आता तो शोधून दाखवा.

दोन भावांचा मिसळलेला वास अख्ख्या गल्लीला लावायचा. त्यासाठी सगळ्या घरांचे कपडे एका पाण्यात धुवायचे. ज्या गोष्टीसाठी त्यांनी छत्तीस वर्षं नाक वर ठेवलं ती गोष्ट आपल्याच हातानं करायची होती.

आणि तरी माझ्या मते त्यांचं मोठेपण त्यात नाही. गुपचूप धुतलं असतं तर कुणाला कळणार होतं? चव्वेचाळीस घरांची गाठोडी दुकानात पडली होती. पण काकूंना ते जमणारं नव्हतं. सोमवारी सकाळी त्या वही घेऊन बाहेर पडल्या आणि चव्वेचाळीस दारं त्यांनी वाजवली. ताकाला जाऊन भांडं लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. प्रत्येक दारात तेच सांगितलं, की वरची पोरं अशी अशी आहेत, बाकावरचे ते असे असे आहेत, तुमचे कपडे मला त्यांच्या कपड्यांबरोबर धुवायचे आहेत, म्हणजे तुमच्या अंगालाही तो वास येईल. ते तुमच्या जवळ येतील, हुंगतील. मग काय करतील हे मला माहीत नाही. नको असेल तर नको म्हणा, मी राग धरणार नाही.

बाकावर तीन दिवस न हलता बसलेली माणसं सगळ्यांनीच बघितली होती, म्हणून काकूंना वेड्यात कुणी काढलं नाही. डॉक्टरांनी नको म्हटलं, आपलं गाठोडं त्याच दिवशी परत मागितलं, आणि खरं सांगायचं तर घरात दोन लहान मुलगे असलेल्या माणसाला कोण नाव ठेवील? आणखी आठ घरांनी नको म्हटलं. एका बाईनं दाराआडून सांगितलं की असली लाँड्री आम्हाला नको, आम्ही दुसरी बघू. काकूंनी तिचं गाठोडं नेऊन दिलं, वर मोज्यांची जोडी मोजून दिली.

पस्तीस घरं हो म्हणाली. निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं की कपडे पांढरे निघतील ना, मग काय हवं ते करा. बेकरीवाल्यानं हातातलं पीठ झटकलं. मग म्हणाला, त्या धाकट्यानं माझा चष्मा तीनदा फुकट नीट करून दिलाय, आणि आत जाऊन अंगातला सदरासुद्धा काढून घेऊन आला.

आता राहिलं ते वरचं काम. दोघांचा वास दाट मिसळलेला हवा होता. काकूंनी दोघांना एक चादर दिली आणि हुकूम सोडला, की आज दुपारपासून दोघांनी या एका चादरीवर पडायचं, आहे त्या कपड्यांत, आंघोळ नाही, बुधवारपर्यंत.

थोरला दारातच अडला. सोळा वर्षं ज्या गोष्टीला तो विषासारखा भ्यायला होता ती आता औषध म्हणून घ्यायची होती, आणि त्याचं अंगच ऐकत नव्हतं. धाकटा मात्र चादर पसरून भिंतीकडे सरकला आणि त्यानं जागा केली.

"दादा, ये ना," तो म्हणाला. "आता काय राहिलंय बिघडायचं?"

थोरला कडेला टेकला, मग आडवा झाला, हात अंगालगत घट्ट धरून, रांगेत उभा केल्यासारखा. काकू तांब्याभर पाणी ठेवून खाली आल्या. तासाभरानं डोकावल्या तर धाकटा गाढ झोपला होता, त्याचं डोकं थोरल्याच्या दंडावर. थोरला जागा होता. हात बधिर झालाय, त्यानं खुणेनं सांगितलं. मग काढ की, काकूंनीही खुणेनं सांगितलं. त्यानं मान हलवून नाही म्हटलं. काकू जिन्यात येऊन पदरानं डोळे पुसत होत्या, आणि हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, नाही तर त्या रडल्या यावर माझा विश्वास बसला नसता.

बुधवारी धुणं निघालं. काकूंनी हौद काठोकाठ भरला. आधी ती चादर आणि दोघांचे कपडे घातले, आणि पाणी हातानं ढवळलं. मग त्या पडद्याकडे गेल्या आणि खुंटीवरचा राखाडी कोट घेऊन आल्या. थोरल्याला वाटलं, काकू चुकून घेऊन आल्या. पण काकू असल्या बाबतीत चुकत नसत. पहिल्या पाण्यात, जे सगळ्यात दाट, त्यात त्यांनी कोट बुडवला आणि वर दगड ठेवला. दोन दिवस तो तसाच राहिला. मग त्याच पाण्यात, यंत्रामागून यंत्र, पस्तीस घरांचे कपडे निघाले. सदरे, साड्या, उशांचे अभ्रे, बाळाची दुपटी, मुख्याध्यापिकाबाईंचा पांढरा रुमाल. काकू पिळत होत्या आणि भाऊ दोरीवर टाकत होते. शनिवारी, रविवारी त्यांनी घरोघर गाठोडी पोचती केली. मोजे तेवढे सगळे जोडीनं गेले.

सोमवारी सकाळी आठला गल्ली कामाला निघाली. बाकावरचे तिघे एकदम उभे राहिले. नऊ दिवसांत पहिल्यांदा. त्यांची तोंडं वर झाली, डावीकडे वळली, उजवीकडे वळली. बेकरीवाला पावांची टोपली घेऊन समोरून गेला. एक हुंग्या त्याच्यामागे वीस पावलं चालला आणि थांबला, कारण पलीकडून मुख्याध्यापिकाबाई येत होत्या आणि वास त्यांनाही होता. बाई थांबल्या. हुंग्या त्यांच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर वाकून हुंगू लागला. बाई जागच्या हलल्या नाहीत. पस्तीस वर्षं सातवीचे वर्ग सांभाळलेली बाई, तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो सरळ झाला. दूधवाला, बाबागाडीवाली बाई, सायकलवरचे दोघे, सगळीकडे तोच वास. खालच्या मानेनं ते तिघे रस्त्यात गोल फिरू लागले. पण कुणी पळालं नाही, आपापल्या चालीनं चालत राहिले.

मग उंच हुंग्या काउंटरवर आला आणि त्यानं टोकन ठेवलं. दोन्ही भाऊ पडद्यामागे, हातात हात घट्ट धरून. काकूंनी कोट आणला. कडक इस्त्री, बाह्यांना रेघ. हातात द्यायच्या आधी त्या थांबल्या. थोरल्याच्या काळजात धस्स झालं, कारण त्यानं काकूंना ओळखलं होतं. त्या सांगितल्याशिवाय देणार नव्हत्या.

"तुमचा कोट इतरांच्या कपड्यांबरोबर धुतलाय," काकू म्हणाल्या. "एका पाण्यात. एरवी मी असं करत नाही. चालत नसेल तर ठेवून जा, पुन्हा धुऊन देते."

हुंग्यानं तोंड थोडं वाकडं केलं. माणसांच्या या असल्या चौकशा त्याला काय कळणार?

"चालेल," तो म्हणाला. बाकाखालचा दगड बोलावा तसा आवाज होता.

त्यानं कोट अंगात घातला आणि रस्त्यात उतरला. इतका वेळ इकडेतिकडे फिरणारे दुसरे दोघे जागीच थांबले. दोघांची तोंडं हळूहळू त्याच्याकडे वळली. गल्लीभर पसरलेला वास पातळ होता, इथं तो दाट होता. उंच हुंग्यानं स्वतःची बाही नाकाशी नेली. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी आलं, आणि काकू सांगतात की ती भीती होती. तो भराभर चालू लागला. ते दोघे त्याच्यामागे, आधी चालत, मग पळत. चौकातून वळले, पुलावरून गेले, आणि परत आले नाहीत.

काकू काउंटरला धरून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या की बोलून चालून गिऱ्हाईक होतं, मी विचारलं होतं, आणि टोकन तारेला अडकवलं.

पाटी त्यांनी त्याच दिवशी काढली. दुसऱ्यांच्या अंगावर तो वास त्यांच्या घामात आठवड्याभरातच विरतो, म्हणून दर आठवड्याला गल्लीचं एका पाण्यात धुवावं लागतं, आणि आजही धुतलं जातं. त्या नऊ घरांपैकी चार परत आली, डॉक्टर त्यांत पहिले. बाकीचे अजून सांगत फिरतात की कडक काकू आता पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, सगळं एकत्र कोंबतात. काकूंच्या कानावर हे येतं. त्यांना लागतं, उगाच कशाला खोटं सांगा. नाव कमवायला छत्तीस वर्षं गेली होती. पण त्या एकदाही कुणाला समजावत बसल्या नाहीत.

महिनाभरानं एका सकाळी वरून आरडाओरडा ऐकू आला. त्या घरात मोठा आवाज असा कधी झालाच नव्हता. हातातली कपडे ढवळायची काठी तशीच घेऊन काकू जिना चढू लागल्या, निम्म्यात पोचल्या, आणि त्यांना शब्द कळले. आदल्या दिवशी धाकटा थोरल्याचा नवा निळा शर्ट न विचारता घालून कामावर गेला होता आणि बाहीवर शाई पाडून आला होता. तुला लाज कशी वाटत नाही, थोरला ओरडत होता. एक शर्ट तर घातला, धाकटा ओरडत होता, जन्मात पहिल्यांदा घातला, त्याचं एवढं काय. कपाटाला हात लावायचा नाही. कपाट काय तुझ्या एकट्याचं आहे? काहीतरी आपटलं, बहुतेक बादली.

काकूंनी काठी बाजूला ठेवली आणि त्या तिथंच पायरीवर बसल्या. खाली काउंटरवर कुणीतरी हाका मारत होतं. मध्ये पडायला बोलावलं तर जाऊ, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. भांडण चांगलं पाऊण तास चाललं, आणि त्यांना कुणी बोलावलं नाही.